शंभरात चौदा

आमच्या सांगलीत पावसाळ्यात दोन माणसे भेटली की तिसरे वाक्य पुलाचे असते. कोयनेतून किती पाणी सोडले, आयर्विन पुलापाशी किती फूट झाले, आणखी किती चढेल. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाढ्यासारखे पाठ. त्यामुळे भाकिते ऐकण्याची आणि त्यांवर भांडण्याची आम्हांला सवय आहे. पण नदीचे भाकीत वेगळे आणि घरातल्या माणसाचे वेगळे, हे मला कळायला माझ्या थोरल्या भावाला अर्धांगवायूचा झटका यावा लागला.

अण्णा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. मी बँकेत आकडे मांडीत आयुष्य काढले. त्यांनी वडिलांचे बुकबाइंडिंगचे दुकान चालविले. हरभट रोडच्या एका बोळात दहा बाय बाराची खोली, खळीचा वास, पुठ्ठ्यांच्या चळती, आणि मधोमध वडिलांनी घेतलेले मोठ्या चाकाचे कटिंग मशीन. शाळांची हजेरीबुके, वकिलांची जुनी पुस्तके, लोकांचे वर्षानुवर्षांचे दिवाळी अंक, सगळे तिथे शिवून निघे. २०१९ च्या महापुरात ते यंत्र चार दिवस पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर अण्णांनी त्याचा एकेक भाग सोडविला, रॉकेलने धुतला, तेल दिले आणि पंधरा दिवसांनी पुन्हा उभे केले. त्या पंधरा दिवसांत ते घरी जेवायला येत तेही हाताला तेल तसेच ठेवून. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्या यंत्रापाशी येऊन थांबणार आहे.

२०२३ साली श्रावण अधिक होता. वहिनींनी जावयासाठी अनारशांचे पीठ केले होते; तेहतीस अनारसे आणि वर वाण असा बेत. ८ ऑगस्टच्या रात्री साडेनऊच्या सुमारास जेवताना अण्णांच्या हातून वाटी निसटली. ‘मुंग्या आल्यात हाताला,’ म्हणाले. वहिनींनी कोमट तेल चोळले आणि म्हणाल्या, ‘पडा आता. सकाळी बघू.’ आपल्या घरांतून हे ‘सकाळी बघू’ किती वेळा म्हटले जाते! सकाळी सहाला त्या हाक मारायला गेल्या तेव्हा अण्णांचे तोंड डावीकडे ओढले गेले होते, उजवा हात आणि पाय पडून होते, आणि ते वहिनींकडे पाहून काहीतरी बोलू पाहत होते. पण शब्द येत नव्हता.

दवाखान्यात मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाई होत्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आजाराचा नव्हे, घड्याळाचा. ‘काका, शेवटचे नीट कधी पाहिले होते यांना?’ वहिनींनी सांगितले, ‘रात्री साडेनऊला.’ बाई गप्प झाल्या. मेंदूच्या वाहिनीत अडकलेली गुठळी विरघळविणारे एक इंजेक्शन आहे. १९९५ साली त्याचा गुण सिद्ध झाला तेव्हा ते तीन तासांच्या आत द्यावे असे ठरले. २००८ साली ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. आम्ही नऊ तास घालविले होते. नंतरच्या काळात तार घालून गुठळी ओढून काढण्याची युक्तीही निघाली आहे, आणि काही निवडक रोग्यांत ती चोवीस तासांपर्यंत चालते; पण ती मोठ्या वाहिनीसाठी. अण्णांची गुठळी डाव्या बाजूच्या एका लहान शाखेत, तारेच्या आवाक्याबाहेर जाऊन बसली होती.

मोठी वाहिनी तुंबली म्हणजे दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब एका अमेरिकन डॉक्टराने २००६ साली मांडला आहे. अण्णांची वाहिनी लहान, तेव्हा हा दर त्यांना लागू नाही, हे ठाऊक असूनही मी बाहेरच्या बाकावर बसून मनात गुणाकार सुरू केला. खोड जात नाही. अर्ध्यावर आलो आणि समोर वहिनी बसलेल्या दिसल्या, तेव्हा थांबलो. त्या तेलाच्या वाटीबद्दल त्यांना कोणी काही बोलले नाही. त्या स्वतःला मात्र अजून बोलतात.

मग बाईंनी अण्णांची परीक्षा घेतली. डोळे फिरवा, दात दाखवा, हात उचला, पाय उचला, हे काय ते सांगा. अशा अकरा कलमांना गुण देतात आणि त्यांची बेरीज जास्तीत जास्त ४२ होते. अण्णांना १३ मिळाले. ‘म्हणजे नापास!’ मी म्हटले. बाईंना हसू आले. ‘काका, इथं उलटं आहे. शून्य म्हणजे पहिला नंबर.’ पाच ते पंधरा म्हणजे मध्यम झटका. माणूस जगेल की नाही आणि पुढे किती सुधारेल, हे सांगताना सर्वांत जास्त वजन दोनच गोष्टींना असते, असे त्यांनी सांगितले: एक ही बेरीज आणि दुसरे वय. अण्णांचे वय एकाहत्तर. ‘जगतील का?’ हा प्रश्न वहिनींच्या देखत विचारायचा नव्हता; मी जिन्यात गाठून विचारला. त्या म्हणाल्या, ‘पहिले पाच दिवस मेंदूला सूज येण्याचे. ते गेले की अर्धी भीती गेली. मग राहतो तो न्यूमोनिया.’ म्हणूनच चमचाभर पाणी नीट गिळता येते की नाही हे पाहिल्याखेरीज त्यांनी तोंडाने काही देऊ दिले नाही. चहाचा घोट चुकून फुप्फुसात गेला तर माणूस झटक्याने नव्हे, चहाने जातो. आमच्या आत्याबाईंनी आणलेला मऊ भात त्यामुळे परत गेला आणि आत्याबाई रुसल्या.

ते पाच दिवस आम्ही पुलाचे पाणी पाहावे तसे काढले. दर तासाला कोणीतरी येऊन विचारी आणि दर तासाला कोणीतरी नवे भाकीत सांगून जाई. एकाच्या मेव्हण्याला असाच झटका आला होता. तो तीन महिन्यांत सायकल चालवू लागला. दुसऱ्याच्या चुलत्याला असाच आला होता. तो तेराव्या दिवशी गेला. शेजारच्या जोशीबुवांनी पत्रिका पाहून मंगळापर्यंतची मुदत दिली. एक गृहस्थ पारव्याचे रक्त चोळायचा आग्रह धरून बसले. पारवाही स्वतः आणून देणार होते. वहिनींचे तेहतीस अनारसे या मंडळींनी दवाखान्याच्या व्हरांड्यात संपविले. जावयाच्या वाट्याला दोन आले. तो बिचारा रात्रीच्या जागरणाला बसे, त्याचा तेवढाच हक्क.

माझ्या पुतण्याने, तो पुण्यात असतो, मोबाइलवर शोधून एक ‘सत्तर टक्क्यांचा नियम’ काढला. झटक्याने जेवढे गेले त्यातले सुमारे सत्तर टक्के तीन ते सहा महिन्यांत परत येते, असा तो नियम. २००८ च्या सुमाराचा. मुलगा आनंदाने फोनवर रडला. डॉक्टरीणबाईंना मी हा नियम सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, की ज्यांचा हात पुरताच गेला आहे अशांपैकी पुष्कळांना तो मुळात लागूच होत नाही. शिवाय २०१९ साली गणित जाणणाऱ्यांनी त्यातली खोट दाखविली आहे. ज्या आकड्यातून वजाबाकी करायची त्याच आकड्याशी उत्तर ताडून पाहिले, तर नाते असल्यापेक्षा घट्टच दिसणार! मी बँकेतला माणूस. मला हे लगेच पटले. पुतण्याला मात्र मी सांगितले नाही. आता वाटते, तिथूनच माझी लपवालपवी सुरू झाली.

खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी झाली. बाईंनी अण्णांना पलंगाच्या कडेला बसविले, हात सोडले आणि घड्याळ पाहिले. तीस सेकंद आधाराशिवाय बसता आले पाहिजे. अण्णा डुलले, पण बसले. पडलेला पाय त्यांनी चार बोटे उचलला. मग बाईंनी स्वतःचा हात खांद्यापासून बाजूला उचलून दाखविला आणि मूठ उघडून दाखविली. शब्द अण्णांना नीट कळत होते की नाही याची खात्री नव्हती म्हणून खुणेने. अण्णांनी डावा हात उचलला. बाईंनी उजव्यावर टिचकी मारली. अण्णा त्या हाताकडे पाहत राहिले. एखादा ओळखीचा माणूस हाकेला ओ का देत नाही म्हणून पाहावे, तसे. खांदा हलला नाही. बोटे हलली नाहीत.

मला वाटे की मूठ आवळता येणे ही जोराची खूण. पण नाही, बोटे उघडता येणे हीच खरी. ती उघडली तर मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंत जाणारी वाट थोडी तरी शाबूत आहे असे समजायचे. हॉलंडमध्ये यावर बारकाईने काम झाले आहे. तिथल्या २०१० च्या निष्कर्षांप्रमाणे, पहिल्या तीन दिवसांत खांदा आणि बोटे थोडी जरी हलली, तर सहा महिन्यांनी त्या हाताला काही ना काही कसब परत मिळण्याची शक्यता शंभरात ९८. दोन्ही हलली नाहीत तर शंभरात २५. आणि नवव्या दिवशीही हलली नाहीत तर शंभरात १४. चालण्याचेही असेच आहे: तीस सेकंद बसणारा आणि पाय उचलणारा माणूस सहा महिन्यांत आपला आपण चालण्याची शक्यता शंभरात ९८. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या मंडळींनी खांदा व बोटे यांच्या जोराला प्रत्येकी पाचापैकी गुण देऊन, तीन महिन्यांनी हात कितपत चालेल ते सांगण्याची रीत बसविली आहे. जिथे बेरीज फारच कमी तिथे डोक्यावर चुंबकाचा ठोका देऊन हाताच्या स्नायूपर्यंत निरोप पोचतो का ते पाहतात. तरीही चारांत एखाद्याचे भाकीत चुकते. आमच्याकडे चुंबक नव्हता. नववा दिवस आला. बोटे तशीच होती.

‘पाय येईल, काका. हाताचं अवघड आहे,’ बाई म्हणाल्या आणि त्यांनी तो चौदाचा आकडा सांगितला. वर त्या असेही म्हणाल्या, ‘हा आकडा घेऊन व्यायाम बंद करू नका हं. वाईट भाकीत ऐकलं की घरचे हात सोडून देतात, आणि मग भाकीत खरं ठरतं.’

मी त्यातला पहिला अर्धा भाग ऐकला. चौदा म्हणजे नाही, असे मी ठरविले. बँकेत शंभरात चौदा परत येण्याची आशा असलेले कर्ज आम्ही बुडीतच धरीत असू.

दुकानाच्या मालकाला जागा हवीच होती. दवाखान्याचे बिल वाढत होते. कुपवाडचा एक माणूस यंत्राचे अडतीस हजार द्यायला तयार होता. बाराव्या दिवशी, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, मी ते विकले. वहिनींना विचारले, त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, तुम्ही कराल ते.’ पुतण्याला फोनवर विचारले. जावयाला विचारले. अण्णांना विचारावे हे माझ्या मनातही आले नाही. त्यांना बोलता येत नव्हते, आणि ज्याला बोलता येत नाही त्याला कळतही नाही, असे आपण किती सहज धरून चालतो! ते पाणी मागायला ‘घड्याळ’ म्हणत आणि चिडून गादीवर हात मारीत. आम्ही त्यांच्या उशाशी बसून त्यांच्याविषयी बोलत असू. कपाटाविषयी बोलावे तसे.

आम्हांला शंका यायला हवी होती ती त्यांच्या घरी येण्याच्या पहिल्याच संध्याकाळी. वहिनींनी दिवा लावून रामरक्षा म्हणायला सुरुवात केली आणि दुसऱ्या श्लोकापासून खाटेवरून अण्णांचा आवाज त्यात मिसळला. न अडखळता. शेवटपर्यंत. वहिनी म्हणता म्हणता रडू लागल्या. त्यानंतर लगेच ‘पाणी हवं का?’ विचारले तर पुन्हा ‘घड्याळ’! पाठांतर, मोजणी, शिव्या यांची मेंदूत वेगळी सोय असते; मनातली गोष्ट जुळवून सांगणे हे निराळे काम. वाचाउपचार करणारी मुलगी आठवड्यातून तीनदा येई. ती म्हणे, ‘यांना बहुतेक सगळं कळतं. फक्त दार अडकलंय.’ मी मान हलवी. यंत्राचे पैसे तोवर दवाखान्यात भरून झाले होते.

फ्रान्सच्या लुई पाश्चरला १८६८ च्या ऑक्टोबरात पक्षाघात झाला. वय अवघे पंचेचाळीस. डावी बाजू गेली. पॅरिसमध्ये त्याच्यासाठी नवी प्रयोगशाळा बांधली जात होती. हा काही जगत नाही, अशा समजुतीने ते बांधकाम थांबविण्यात आले. पाश्चर अंथरुणावर होता, पण शुद्धीवर होता. काम थांबल्याचे त्याला कळले, आणि कोणी न सांगताच आपल्याविषयीचे भाकीतही कळले. पुढे बादशहाच्या कानावर गोष्ट गेली आणि बांधकाम पुन्हा सुरू झाले. पाश्चर त्यानंतर सत्तावीस वर्षे जगला. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरची लस त्याने १८८५ साली टोचली ती या आजारानंतर. डावी बाजू पूर्वीसारखी कधीच झाली नाही. हे मी नंतर वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले.

कारण गौरी जेवायच्या दिवशी, म्हणजे सहा आठवड्यांनी, अण्णा काठी घेऊन अंगणापर्यंत चालत आले. भाकीत खरे ठरत होते. मी ओसरीवर वाटाणे सोलीत होतो. ते माझ्यासमोर उभे राहिले, आणि कितीतरी वेळ ओठांची जुळवाजुळव करून म्हणाले, ‘मशीन... कुठंय?’

तीन वर्षांच्या पोरासारखा मी खाली पाहू लागलो. ‘अण्णा, विकलं,’ मी म्हटले. ‘डॉक्टर म्हणाल्या, हात...’

‘मला,’ ते म्हणाले. मग थांबले. शब्द सापडेना. डाव्या हाताने त्यांनी स्वतःच्या छातीवर तीनदा बोट आपटले. ‘मला... नाही विचारलंस.’

मी त्यांना चौदाचा आकडा सांगितला. कोणी तो त्यांना सांगितलाच नव्हता. त्यांनी ऐकून घेतला, मान हलविली, आणि पडलेल्या उजव्या हाताकडे पाहून असे काही हसले, की हे तर मला तिसऱ्या दिवसापासून ठाऊक आहे. पूर येणार असला म्हणजे महापालिकेची गाडी भोंगा लावून बोळाबोळांतून सांगत फिरते. ज्याचे घर बुडणार त्याला आधी. आमच्या घरात मात्र ज्याचे घर बुडत होते तो सोडून सगळ्यांना सांगून झाले होते.

डॉक्टरांची मुदत तीन महिन्यांची असते. ग्लासगोच्या डॉक्टर रँकिन यांनी १९५७ साली एक मोजपट्टी केली. तिचे सुधारलेले रूप अजून जगभर चालते. शून्य म्हणजे काही झालेच नाही, सहा म्हणजे मृत्यू. नव्वदाव्या दिवशी माणूस कोणत्या पायरीवर आहे ते पाहायचे. अण्णांचा नव्वदावा दिवस ऐन दिवाळीच्या तोंडावर, वसुबारसेच्या दोनच दिवस आधी आला. बाईंनी त्यांना तीन दिले: चालतात आपले आपण, पण सदऱ्याची बटणे वहिनी लावतात. आणखी सुधारले तर दोन. आमच्या आयुर्वेदात रोगांचे साध्य, कष्टसाध्य, याप्य आणि असाध्य असे भेद आहेत. त्यातला ‘याप्य’ हा शब्द मला फार दिवसांनी आठवला. मुळापासून जात नाही, पण सांभाळीत राहिले तर माणूस चालू राहतो, असा तो. रँकिनसाहेबांचा तीन मला त्या ‘याप्य’चा जवळचा नातलग वाटला, मात्र पुस्तके शिवणाऱ्याला पुस्तके शिवता येत नाहीत, यासाठी कोणत्याच पट्टीवर पायरी नाही.

शिवता येत नाहीत, हेही पुरते खरे नव्हे. उजवा हात आलाच नाही. बोटे आजही मिटलेली असतात आणि वहिनी रोज संध्याकाळी ती एकेक करून सरळ करतात. पण मालकाने जागा घेतल्यावर पुठ्ठे घरी आले होते. त्या पाडव्यानंतर अण्णांनी ओसरीवर पाट मांडला. फर्म्यांवर वरवंटा ठेवायचा, डाव्या हाताने दाभण घालायचे, दोरा वहिनींनी ओढायचा. खळही वहिनीच लावतात. आठवड्याला एखादे पुस्तक होते. पहिली दोन वाकडी झाली. ती त्यांनी स्वतः उसवली. शब्द अजून चुकतात. पण चिडले म्हणजे मात्र अगदी स्पष्ट बोलतात.

पुढल्या वर्षी मी माझे त्या दिवाळीचे पाच अंक त्यांच्याकडे नेले. मुद्दामच नेले, उघड सांगायला हरकत नाही. त्यांनी ते चाळले, कणा ठोकून पाहिला, आणि म्हणाले, ‘कव्हर... तांबडं?’ मी म्हटले, ‘तुम्ही द्याल ते.’ तीन आठवड्यांनी त्यांनी मला बोलावले. तांबड्या कापडाचा कणा, मागे कागदाची पट्टी, शिवण घट्ट. मी बाहेरच्या कडेवरून बोट फिरविले. पाचही अंकांची पाने वरखाली, खडबडीत, न कापलेली.

‘कडा?’ मी विचारले.

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. ‘कटिंग मशीन... नाही आपल्याकडे,’ ते म्हणाले, आणि पुढचा फर्मा वरवंट्याखाली सरकवून मला म्हणाले, ‘धर.’